ट्रॅफिकची दोन-चार चलनं असली तर कंटेनरवर ड्रायव्हर म्हणून घेतात का?

कागलचा_गडी:
नमस्कार मंडळी. वय २४, कागलजवळचा. इतके दिवस गोकुळ शिरगाव एमआयडीसीत छोटा हत्ती टेम्पो चालवतोय, फाउंड्रीतनं कास्टिंग उचलायचं आणि मशीनशॉपला टाकायचं. हेवीचं लायसन आत्ताच निघालंय. एका ट्रान्सपोर्टमध्ये बेंगलोर-चेन्नई लाईनला कंटेनरसाठी माणसं घेत्यात म्हणून गेलतो. तिथल्या साहेबांनी लायसनची झेरॉक्स ठेवून घेतली, म्हणाले तुझी चलनं बघून सांगतो, आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पण आण. आता घोळ असा हाय की कोल्हापुरात कावळा नाक्याला सिग्नलचं एक चलन टेम्पोवर पडलंय, ते मालकानं भरलं का नाही म्हाईत नाही, दाभोळकर कॉर्नरला फोनवर बोलताना हवालदारानं धरलेलं एक, आणि घरच्या बाईकवर हेल्मेटची पडल्यात ती कुणीच भरलेली नाहीत. एवढ्यावरनं नोकरी जाईल काय? दाखल्यात हे सगळं दिसतंय काय? जाणकारांनी सांगा, थट्टा नको.

घाटवाला_मामा:
चलनाला कोण विचारतंय लगा. मी ट्रकवर म्हातारा झालो, मला एकदा पण कुणी चलन विचारलं न्हाई. मालक बघतोय काय, तर ट्रायलला गाडी कशी काढतोस, भरलेली गाडी गगनबावड्याला उतरताना गिअरमध्ये धरतोस का नुसता ब्रेकवर बसतोस, रिव्हर्सला किन्नर (क्लीनर) लागतोय का तुझं तू लावतोस. आणि मागल्या मालकाला एक फोन. डिझेल काढतोय काय, पितोय काय, एवढं विचारलं की झालं. ड्रायव्हर मिळंना झाल्यात सगळीकडं, तू बिनधास्त जा.

फ्लीट_टेबल:
मामा, तुमचं म्हणणं मार्केट यार्डातल्या एक-दोन गाडीवाल्या मालकाला लागू होतं, कंपनीचं काँट्रॅक्ट घेतलेल्या ट्रान्सपोर्टला नाही. मी शिरोली एमआयडीसीत हेच काम करतो, ड्रायव्हरची फाईल माझ्याच टेबलावरनं जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावा, आधी एक समजून घे, चलनं दोन जातीची. कॅमेऱ्यानं किंवा लांबनं फोटो काढून टाकलेलं चलन गाडीच्या नंबरवर पडतं, म्हणजे मालकाच्या नावावर. हवालदारानं थांबवून लायसन घेऊन मशीनवर केलेलं चलन तुझ्या लायसन नंबरला चिकटतं. म्हणजे टेम्पोचं सिग्नलचं चलन तुझ्या नावानं शोधलं तर बहुतेक दिसणारच नाही, पण दाभोळकर कॉर्नरचं दिसणार. परिवहनच्या ई-चलन साईटवर लायसन नंबर टाकून तूच आधी बघ, आम्ही पण तेच करतो.

दुसरं, आम्ही किती चलनं हे मोजत नाही, कसली हे बघतो. नो पार्किंग, पीयूसी, नंबरप्लेट असल्या चलनांकडं मी ढुंकून बघत नाही. फोन, स्पीड, सिग्नल, राँग साईड दिसलं की पेन थांबतो. त्यातही फोनचं एकच आणि जुनं असेल, भरलेलं असेल, तर विचारतो आणि सोडून देतो. तेच तेच परत परत दिसलं तर नाही घेत, मग ट्रायल कितीही भारी दिलेली असू दे. कारण आता गाडीत जीपीएस असतं, स्पीडचा रिपोर्ट कंपनीकडं जातो, आणि काही ठिकाणी गेटवर दारू तपासायला तोंडाला मशीन लावूनच आत सोडतात. असल्या सवयी असलेला माणूस तिथं चार दिवसात सापडतो आणि शिव्या मला बसतात.

आणि खरी भीती दंडाची नाहीच, लायसन सस्पेंड व्हायची असते. सस्पेंड असताना कोण चालवताना सापडला तर त्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ नं १०,००० दंड, गाडी त्याच्या हातात दिली म्हणून मालकाला वेगळा, आणि त्यात अपघात झाला की इन्शुरन्सवाला हात वर करतो. थर्ड पार्टीला पैसे द्यायला लागले तरी नंतर मालकाकडनं वसूल करतो. एका कंटेनरची किंमत बघ आणि मग साहेब चलनं का तपासतोय ते कळेल.

आरटीओची_कामं:
वरचं बरोबर आहे, फक्त हेल्मेटचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. पोरांना वाटतं बाईकचं चलन बाईकपुरतं. लायसन एकच असतं राव, बाईक काय आणि हेवी काय, नंबर तोच. हेल्मेटच्या १९४-डी कलमात दंडाबरोबर तीन महिने लायसन बाद असं स्पष्ट लिहिलंय. दरवेळी करतात का, तर नाही करत, पण करायचं ठरवलं तर तुझं हेवी पण त्याच्याबरोबर जातं. तसंच स्पीड, सिग्नल, फोन, दारू, ओव्हरलोड आणि मालगाडीत माणसं बसवणं, या सहा गोष्टींना किमान तीन महिने सस्पेंड करा असं सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ लाच सांगितलंय. ऊस, वाळू ओढणाऱ्यांनी ओव्हरलोडचं नीट वाचावं, नुसता दंडच २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे.

पोलिसांच्या दाखल्याचं टेन्शन घेऊ नको. भरून मिटवलेलं चलन म्हणजे गुन्हा दाखल झाला असं होत नाही. तिथं बघतात ते ठाण्यातले गुन्हे. हयगयीनं गाडी चालवल्याचा एफआयआर असेल, पूर्वीचं आयपीसीचं २७९, आता नव्या भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) २८१, तर ते निघणार. दारूचं १८५ पण साधं चलन नव्हे, ते कोर्टात जातं, पहिल्या वेळेलाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. तुझं यातलं काहीच नाही.

अजून एक. ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत पाच वर्षं, आणि संपल्यावर पूर्वी महिनाभर चालायचं तसं २०१९ नंतर चालत नाही. चलनापेक्षा संपलेल्या तारखेनं जास्त माणसं परत जातात, हे मी रोज बघतो.

कागलचा_गडी:
लई उपकार. आत्ता साईटवर बघितलं, फोनचं दिसतंय, पेंडिंग. हेल्मेटची बाईकच्या नंबरवर हायत, बाईक वडिलांच्या नावावर. टेम्पोचं पण पेंडिंगच हाय, मालकाला फोन केला तर म्हणतो तू तोडलास तू भर, न्हाईतर पगारातनं कापतो. वर मुलाखतीत चलनाचं बोलूच नको म्हणतोय.

फ्लीट_टेबल:
बोलायचं. आम्ही शोधून काढलं आणि तू आधी नाही म्हणाला होतास तर विषय तिथंच संपतो, चलनासाठी नव्हे तर खोटं बोललास म्हणून. फोनचं आज भर, पावती मोबाईलमध्ये ठेव आणि साहेबानं विचारायच्या आधी दाखव. वडिलांच्या बाईकचं पण मिटव, लोकअदालतीची वाट बघत बसू नको.

घाटवाला_मामा:
सिग्नल पोरानं तोडला असंल तर पोरानं भरावं, एवढं मी पण म्हणतो. पण पीयूसी न्हाई, टायर गुळगुळीत, माल मालकानंच जादा भरायला लावला, ती चलनं पण ड्रायव्हरच्याच पगारातनं कापत्यात, त्यावर तुम्ही टेबलावरली माणसं कधी बोलत न्हाईसा.

फ्लीट_टेबल:
मामा, ते खरं आहे. आमच्याकडं गाडीच्या कागदाचं आणि लोडिंगचं मालकाकडं, चालवण्यातलं ड्रायव्हरकडं असं ठरलंय. सगळीकडं नाही.

घाटवाला_मामा:
मग पोरा तू जॉईन व्हायच्या आधी हेच इचार, आणि व्हॉट्सॲपवर लिहून घे. कर्नाटक हद्दीवरचं कोगनोळी ओलांडून फुडं बेंगलोरला गेलास की शहरात मोठ्या गाडीला नो एंट्रीच्या येळा असत्यात. पार्टी म्हणती आत्ताच माल पायजे, ऑफिसातनं फोन येतोय घाल आत, आणि चलन पडलं की सगळे गप. पुण्याच्या फुडं मुंबईला लावलं तर एक्सप्रेसवेला कॅमेरं हायत, डावी लेन सोडलीस की आलंच. घाल आत म्हणून ज्यानं सांगितलं त्याचा मेसेज ठेवत जा.