गावरान वांगी, दुधी, घेवडा: घरचं बी धरताना तीन ठिकाणी अडलंय (सोलापूर)

जुळेसोलापूर_परसबाग (प्रश्न)

घरामागे साधारण १५ बाय २० फूट जागा आहे, गच्चीत बारा कुंड्या. माती काळी, दोन फुटांखाली चुनखडी. पाणी बोअरचं आणि जड, कुंड्यांच्या कडांना पांढरा थर बसतो. बी सगळं गावरान, मंगळवेढा आणि अक्कलकोटकडचं. दरवर्षी विकत न आणता घरचंच बी धरायचं आहे, पण तीन ठिकाणी गाडी अडते.

१) हिरवं काटेरी वांगं. झाडावरचं सगळ्यात मोठं वांगं बियाला ठेवलं. बी काढून मे महिन्यात गच्चीवर पत्र्यावर तीन दिवस वाळवलं. जूनमध्ये ५० बिया टाकल्या, ६ उगवल्या.

२) दुधी. मूळ बी बुटक्या, गोल दुधीचं. गेल्या हंगामात फळं गोलच आली. त्यातल्या एकाचं बी यंदा लावलं तर चारपैकी तीन वेलांना लांबडे दुधी. दोन घरं सोडून पाकिटातल्या बियाचा लांब दुधी आहे, त्याचा संबंध असेल का? पण गेल्या वर्षीचं फळ तर गोल होतं.

३) घेवडा. गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीअखेर टोकला. वेलाने मांडव भरला, पण मे उजाडला तरी फूल नाही. शेणखत घालून झालं, शेंडे खुडून झाले.

शिवाय साठवण. डब्यात ठेवलेल्या घेवड्याला दिवाळीनंतर हमखास भुंगा लागतो.

काळी_माती

तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

वांग्यात दोन चुका एकावर एक बसल्या आहेत. मोठं वांगं म्हणजे पिकलेलं वांगं नव्हे. भाजीचं वांगं फूल उमलल्यापासून दोन-तीन आठवड्यांत तोडतात, तेव्हा आतलं बी पांढरं आणि मऊ असतं, अंकुर पुरता भरलेला नसतो. बियाचं वांगं झाडावर ५० ते ६० दिवस राहू द्या. हिरवं वांगं आधी पिवळं पडतं, मग तांबूस होतं, चकाकी जाते आणि साल निबर होते. त्यानंतर तोडून आठवडाभर सावलीत ठेवा, त्या दिवसांतही बी भरत राहतं. मग देठाकडचा भाग काढून टाका, उरलेलं चिरून बादलीभर पाण्यात हाताने चोळा. भरलेलं बी तळाला बसतं, पोकळ बी गरासोबत वर तरंगतं. वरचं ओतून द्या आणि तीन-चार वेळा धुवा.

दुसरी चूक पत्र्याची. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४२-४३ अंश असतात, पत्र्यावर हात ठेववत नाही. नुकतं धुतलेलं बी ३५ अंशांच्या वर वाळवायचं नसतं. आत ओल असताना उष्णता लागली की अंकुर मरतो, बाहेरून मात्र बी छान टणक दिसतं. घरात पंख्याखाली, पिठाच्या चाळणीवर पातळ पसरून पाच-सहा दिवस ठेवा आणि दिवसातून दोनदा हलवा. कागदावर टाकू नका, चिकटतं.

दुधीचं कोडं सोपं आहे. फळाचा आकार आईवेलावर ठरतो. परागकण कुणाचेही असोत, गेल्या वर्षीचं फळ गोलच येणार होतं. संकर झाला तो आतल्या बियांत, आणि तो यंदा दिसला. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यावर पतंग येतात, आणि दोन घरांचं अंतर त्यांना काहीच नाही. बीजोत्पादनाच्या शेतात वेलवर्गीय पिकांसाठी ५०० ते १००० मीटर अंतर राखतात. जुळे सोलापुरात ते जमणार नाही, तेव्हा फूल बांधून हातानेच परागण करावं लागेल. यंदाच्या लांब दुधीचं बी धरू नका. चौथा वेल गोल आला म्हणून त्याचंही नको. मूळ बी थोडं उरलं असेल तर तिथूनच पुन्हा सुरुवात करा.

एक गोष्ट जिवाशी गाठ म्हणून सांगतो. बी धरण्याआधी दुधीचा देठाकडचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका, ते फळ खाऊ नका, रस तर नकोच, आणि त्याचं बीही ठेवू नका. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवून जात नाही, आणि बियातून पुढे येऊ शकतो.

घेवडा. गावरान वाल-घेवडा हे लहान दिवसांचं पीक आहे. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय तो कळी काढत नाही. जानेवारीअखेरपासून दिवस वाढत जातात, त्यामुळे तो नुसता पाला करत बसतो. शेणखताने पाला आणखी वाढला. मृगात किंवा आषाढात टोका. ऑक्टोबरमध्ये तुरे दिसतील आणि वेळ अमावस्येच्या भज्जीला, भोगीच्या भाजीला शेंगा मिळतील. सध्याचा वेल उन्हाळ्यात जगवता आला तर गुडघाभर ठेवून छाटा, तोही दिवाळीच्या आसपास फुलेल. उन्हाळ्यात फुलणारे बुटके वाल बाजारात मिळतात, पण ते सुधारित वाण आहेत, तुमचा मंगळवेढ्याचा नव्हे.

मांडवाखाली

हाताने परागण कसं करायचं ते सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं.

दुपारी चारच्या सुमाराला मांडवाखाली उभं राहून दुसऱ्या दिवशीची नव्हे, त्याच संध्याकाळी उमलणारी कळी शोधायची. तिची टोकं सैल झालेली असतात आणि हिरव्यातून पांढरी पाकळी डोकावते. मादी कळीच्या मागे सुपारीएवढा लव असलेला दुधी असतो, नराचा देठ लांब आणि सडसडीत. दोन्हींच्या तोंडाला दवाखान्यात पट्टीवर लावतात ती कागदी चिकटपट्टी हलकेच गुंडाळा. एका मादीमागे दोन-तीन नर धरा, शक्यतो दुसऱ्या वेलाचे.

संध्याकाळी साडेसहा-सातला नर तोडून त्याच्या पाकळ्या काढा. मधल्या दांडीला बोट लावलं तर पिवळी पूड लागली पाहिजे. नाही लागली तर तो नर टाकून द्या. मादीची पट्टी सोडा. आत तीन भागांचा चिकट गड्डा दिसतो, त्याच्या तिन्ही बाजूंना दांडी घासा. एकाच बाजूला लावलं तर फळ एकीकडून आकसतं आणि बीही कमी भरतं. पाकळ्या मिटून पुन्हा पट्टी लावा. देठाला लाल लोकर सैल बांधा. ती पाहिजेच, नाहीतर महिन्याभराने घरातलं कुणीतरी तोच दुधी भाजीला कापतं.

चार दिवसांत देठ वाकून दुधी फुगायला लागला तर जमलं. पिवळा पडून सुकला तर पुन्हा करा. एप्रिल-मेच्या उन्हात पूड कोरडी पडते आणि दहात दोन-तीनच लागतात, म्हणून बियाचा दुधी पावसाळी वेलावर धरा. आणि आधी भाजीची चार फळं तोडून घ्या. पहिलंच फळ पिकायला सोडलं की वेल त्याच्यातच गुंततो आणि नवी मादी फुलं काढणं कमी करतो. दर वेलाला बियाची दोन फळं पुरे, पण ती पाच-सहा वेलांवरची असू द्या. एकाच वेलाचं बी दरवर्षी घेत गेलात तर पिढ्यांमागे वेल दुबळे होतात.

देठ वाळेपर्यंत फळ वेलावरच ठेवायचं. साल खडखडीत झाली, हलवल्यावर आत बी वाजलं, की फोडायचं.

वांगी आणि मिरची स्वतःच फळतात, तरी मधमाशी थोडा संकर करतेच, मिरचीत तर बराच. लग्नात अक्षता देतात ना, त्या जाळीच्या पिशव्या उमलण्याआधी कळ्यांच्या झुबक्यावर चढवा आणि रोज सकाळी फांदीला टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधा. टोमॅटोला एवढंही लागत नाही.

जुळेसोलापूर_परसबाग

ताई, दोडका आणि घोसाळं एकाच मांडवावर आहेत. त्यांचाही संकर होतो का? काकडीशेजारी शेंदाडही आहे. आणि टोमॅटोचं बी नुसतं धुऊन वाळवलं तर चालेल?

मांडवाखाली

दोडका आणि घोसाळं जवळचे नातेवाईक आहेत, त्यांचा संकर होऊ शकतो. दोडका संध्याकाळी फुलतो, घोसाळं पहाटे, म्हणून प्रमाण कमी राहतं, पण बियाला पट्टी लावाच. दोन्ही वेलावरच तपकिरी वाळू द्या. दोडक्याचं टोकाचं झाकण निघतं आणि काळं, खरबरीत बी खाली गळतं. घोसाळ्याचं बी गुळगुळीत असतं, कडेला बारीक पंखासारखी किनार. पांढुरकं किंवा फिकट तपकिरी बी कच्चं समजा.

काकडी आणि शेंदाड एकमेकांत मिसळत नाहीत. शेंदाड आणि खरबूज मात्र मिसळतात.

टोमॅटोच्या बियाभोवती जेलीचं आवरण असतं, ते उगवण रोखून धरतं, म्हणून आंबवायचं. गर आणि बी काचेच्या बरणीत थोडं पाणी घालून ठेवा. पुस्तकात तीन दिवस लिहितात, ते थंड हवेचं गणित. आपल्याकडे २४ ते ३६ तास खूप झाले, त्यापुढे बरणीतच मोड येतात. बी बोटांत बुळबुळीत न लागता खरखरीत लागलं की धुवा.

गच्चीवरची_शेती

उगवणीबद्दल थोडं. काळी माती नुसती ट्रेमध्ये भरली तर पाणी दिल्यावर फुगते, वाळली की वर पापडी धरते आणि वांग्याचं बारीक बी खालीच अडकतं. एक भाग माती, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट घ्या. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवायचंच, त्यात मीठ असतं, आणि तुमच्या पाण्यात ते आधीच भरपूर आहे. रोपवाटिकेला शक्य तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. वांगी-मिरचीचं बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नको. वरून ५० टक्क्यांची शेडनेट.

रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं, ते पाणी जास्त झाल्याने. संध्याकाळी पाणी देणं बंद करा. त्यावर बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारक अशी उपयोगी बुरशी, पावडर मिळते) लावतात. किलो बियाला ५ ग्रॅम हे शेतासाठी झालं. घरच्या चिमूटभर बियाला ओलसर करून चिमूटभर पावडर चोळली की पुरे. बीजामृत (बियाला लावायचं शेण-गोमूत्राचं मिश्रण) वापरणारे वापरतात, पण ते ताजं नसेल तर ट्रेमध्ये बुरशी उलट वाढते असं माझं मत.

वांगी ३० ते ३५ दिवसांत लावा, मिरची ४० पर्यंत चालते. वेलांचं रोप कागदी कपात दोन आठवड्यांच्या वर ठेवू नका, मुळं हलवलेली त्यांना सोसत नाहीत. कारल्याचं बी २४ तास भिजवून, टोक नेलकटरने किंचित कापून टोका.

काळी_माती

@गच्चीवरची_शेती बीजामृताबद्दल सहमत नाही. दोष शिळ्या बीजामृताचा आहे, पद्धतीचा नाही. पण तो वाद इथे नको.

साठवणीचं राहिलं. घेवड्याचा भुंगा डब्यात बाहेरून येत नाही. शेंगा शेतात वाळत असतानाच त्यावर अंडी घातलेली असतात, म्हणून कितीही घट्ट झाकण लावलं तरी तो आतूनच निघतो. बी पूर्ण वाळवा. दाताखाली धरल्यावर खूण उमटता कामा नये. मग हवाबंद बरणीत भरून पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी उघडू नका, अख्खा दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार बियांवर हवेतली ओल बसते. फ्रीझर नसेल तर गोवरीची चाळलेली, पूर्ण गार राख मापाला माप मिसळा. चिमूटभर राखेने काही होत नाही, दाण्यांमधली फट भरली पाहिजे. किलोला ५ मिली एरंडेल चोळणं ही जुनी रीतही चालते.

बारीक बियांसाठी भाताचा उपाय. कोरडा तांदूळ मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा, झाकण लावून गार करा, बरणीत तळाला घाला, वर कापडाच्या पुरचुंडीत बी ठेवा. दोन आठवड्यांत तांदूळ ओल ओढून घेतो. मग तांदूळ काढून बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. अशी ठेवली तर वांगी-टोमॅटो चार वर्षं बरं टिकतं, भेंडी दोन, कांदा जेमतेम एक.

बाहेरून बी आणणार असाल तर एक भेद लक्षात घ्या. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल तर त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत फळं नाना तऱ्हेची येतात. सुधारित सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं, बी धरता येतं. बियाला गुलाबी-निळा रंग म्हणजे फक्त औषध लावलेलं, त्यावरून संकरित ठरत नाही. गावरान बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंचं (अकोले तालुका, २०२० ची पद्मश्री) काम मोठं आहे, पण सह्याद्रीच्या पावसात वाढलेलं वालाचं बी आपल्या कोरड्या हवेत तसंच येईल असं धरू नका. मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोटच्या आठवडी बाजारात शेतकरी बायका पुरचुंडीत बी आणतात, ते आधी घ्या. एकमेकांत बी देणं-घेणं करायला २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला पूर्ण मुभा आहे, फक्त कंपनीच्या छापाचं पाकीट करून विकता येत नाही.

पेरण्याआधी २० बिया ओल्या कापडात गुंडाळून आठ-दहा दिवस बघा. १४ च्या खाली मोड आले तर दाट पेरा, १० च्या खाली आले तर दुसरं बी शोधा.

जुळेसोलापूर_परसबाग

मूळ दुधीच्या ११ बिया सापडल्या, कापडात ५ घातल्यात. घेवडा छाटला. वांग्याची दोन फळं लोकर बांधून सोडली आहेत, एक आत्ता पिवळं पडायला लागलंय.