सिलिंडर महिनाभर पुरवायचं कसं?

पाच माणसं, पगार कमी झालाय. १४.२ किलोचं सिलिंडर पंचविसाव्या दिवशीच संपतं. बचत कुठे होईल?

— आधी ज्योत बघा. पिवळी असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल, तर बर्नरची भोकं तुंबलीत. गार झाल्यावर सुईने मोकळी करा, धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बर्नर नीट पेटत नाही.

— तूरडाळ अर्धा तास, हरभरे रात्रभर भिजवा. डाळ-भात एकाच कुकरमध्ये लावा. पहिली शिट्टी झाली की आच मंद. चिंच मात्र डाळ शिजल्यावरच! आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही, गॅस फुकट जळतो.

— कुकरच्या कडेने वाफ जात असेल तर रबरी रिंग बदला. सैल रिंगने शिट्टीच होत नाही.