फॅमिली ग्रुप: नारळाच्या दुधातलं थाई चिकन सूप, साडेआठच्या आत

ताई: कोणी मोकळं आहे का? ते थाई चिकन सूप असतं ना नारळाचं दूध घालून, ते करायचंय आज. साडेआठला जेवायला बसायचंय आणि आत्ता साडेसात वाजलेत. जमेल का

दादा: टॉम यम?

ताई: नाही रे, ते लालसर आणि पातळ असतं. हे पांढरं

दादा: टॉम यम फेमस आहे पण. युनेस्कोच्या यादीत गेलं २०२४ मधे, कोळंबीवालं

ताई: बरं. मग मी युनेस्कोला जेवायला बोलवू का? वहिनी कुठाय

वहिनी: आले आले. तुला हवंय त्या सूपचं नाव 'टॉम खा'. जमेल की आरामात, त्यात परतायचं काही नाही, वाटायचं काही नाही, चिरायला जेवढा वेळ लागेल तेवढाच, नंतरची वीसेक मिनिटं गॅसवर. आधी घरात काय काय आहे ते सांग, त्यावर सगळं अवलंबून

ताई: बोनलेस चिकन ४०० ग्रॅम, नारळाच्या दुधाचा कॅन एक ४०० मिलीचा, गवती चहा, मश्रूम, मिरच्या, लिंबं, कोथिंबीर, फिश सॉस अर्धी बाटली. आलं आहे. आणि ते गलांगल पण आहे फ्रीजरमधे, मागे हौसेने आणलं आणि तसंच पडलंय. ती थाई लिंबाची पानं नाहीयेत

वहिनी: अगं मग राहिलं काय! गलांगल असताना आल्याला हात पण लावू नकोस. फ्रीजरमधलं चालतं, उलट वाळवलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं. बाहेर काढ आणि अर्धवट कडक असतानाच पातळ चकत्या काप, पूर्ण वितळलं की लिबलिबीत होतं मग सुरी नीट चालत नाही. आठ दहा चकत्या पुरे

आत्या: गलांगल म्हणजे आलंच ना ते? मी फोटो बघितला, तसंच दिसतंय

वहिनी: कूळ एकच आहे आत्या, हळद पण त्यातलीच. पण आलं गरम तिखट लागतं, आणि ह्याला लिंबासारखा, थोडा पाईनच्या लाकडासारखा वास येतो. तुमच्याकडे नसेल तर आलं घाला की, सूप छानच होईल, फक्त ते आल्याचं सूप होईल. निम्मंच घाला मात्र, नाहीतर बाकी कशाचाच वास येत नाही

काका: एवढं कशाला करत बसता, रेडीमेड करी पेस्ट मिळते ती दोन चमचे दुधात ढवळली की झालं. आम्ही तेच करतो

काकू: आम्ही म्हणजे मी करते. हे ढवळतात

वहिनी: हाहा. काका ते पण छान लागतं, मी नाही म्हणत नाही, पण तिची चव करीची. लाल पेस्टमधे सुक्या मिरच्या लसूण कांदा सगळं वाटलेलं असतं, त्यापुढे नारळाचा गोडवा मागेच राहतो. ह्या सूपमधे काही वाटत नाहीत, सगळे तुकडे आख्खे उकळून फक्त त्यांचा वास घ्यायचा, म्हणून ते हलकं लागतं. आणि काकू तुम्ही पेस्टच्या डब्यावर मागे वाचता ना? बऱ्याच पेस्टमधे कोळंबीची पेस्ट असते, तुम्ही शाकाहारी, तुम्हाला चालणार नाही

काकू: अगं बाई. नाही वाचलं कधी

काका: काही झालं का इतके दिवस?

काकू: तुम्ही गप्प बसा

ताई: लोकहो घड्याळ. गवती चहाचं काय करू, पात आहे आणि खालचा दांडा पण आहे

वहिनी: दांडा महत्त्वाचा, खालचा फिकट भाग. बाहेरची वाळकी सालं काढून टाक, सुरीच्या पाठीने किंवा बत्त्याने चेच, मग बोटभर लांब तुकडे. बारीक चिरू नकोस हां, ते शिजून मऊ होत नाही आणि दातात अडकत राहतं. हिरवी पात आहे तर तिची एक जुडी करून गाठ मारून सोड, नंतर अख्खी उचलता येते. लिंबाची पानं नाहीत तर लिंबाची हिरवी साल किस, पांढरा भाग येऊ देऊ नकोस कडू लागेल. त्या पानांची सर येत नाही पण बरं लागतं. ती पानं परत कधी मिळाली तर पिशवीभर घेऊन फ्रीजरमधे टाक, दोन पानं एकापुढे एक चिकटवल्यासारखी दिसतात ती, वाळवलेली घेऊ नकोस, त्यात वास राहतच नाही फारसा

मी: साल कधी घालायची? उकळताना का शेवटी

वहिनी: शेवटी. उकळली की वास उडून जातो

ताई: चिकन मांडीचं (थाय) आहे थोडं आणि थोडं ब्रेस्ट

वहिनी: मग थायचे तुकडे आधी टाक आणि ब्रेस्टचे दोन मिनिटं थांबून. तुकडे पातळ काप, रेषांच्या आडवे, म्हणजे चावायला मऊ. चौकोनी जाड ठोकळे केलेस तर बाहेरून वातड आणि आतून कच्चे राहतात. हे एवढं जमलं ना की चिकन चारपाच मिनिटांत होतं

दादा: माझं मत, कुकरला लावून टाक सगळं एकत्र, एक शिट्टी

वहिनी: तू स्वयंपाकघरात कधीपासून मतं द्यायला लागलास

दादा: प्रॅक्टिकल सांगतोय

वहिनी: पाच मिनिटांत शिजणाऱ्या चिकनला कुकर कशाला, आणि नारळाचं दूध कुकरच्या उष्णतेत फाटून जाईल. कुकर धुवायला तू येणार आहेस का तिच्याकडे

ताई: मी पातेलं ठेवलंय. आता काय क्रमाने घालू ते एकदा नीट लिही ना वहिनी, एकाच मेसेजमधे, वर खाली करून बघायला वेळ नाही

वहिनी: लिहिते. पातेल्यात ४०० मिली चिकन स्टॉक घाल, नसेल तर साधं पाणी, आणि कॅनमधलं निम्मं नारळाचं दूध. कॅन आधी हलवून घे, वर घट्ट सायीसारखं बसलेलं असतं. त्यात गलांगल, गवती चहा, चेचलेल्या दोन तीन मिरच्या, थोडं मीठ. मंद आचेवर दहा मिनिटं, बुडबुडे अधूनमधून यायला हवेत, रटरटा उकळी नको. घाई आहे म्हणून ही दहा मिनिटं कापू नकोस बाकी कुठेही काप, सगळा वास इथेच उतरतो. मग चिकन, ते पांढरं झालं की मश्रूम. तीन चार मिनिटांनी उरलेलं दूध आणि एक चमचा साखर, नुसतं गरम होऊ दे. गॅस बंद. बंद केल्यावर फिश सॉस दीड ते दोन मोठे चमचे आणि मग दोन लिंबांचा रस. लिंबू गॅसवर असताना अजिबात नाही

मी: लिंबू आधी घातलं तर काय होतं?

वहिनी: दोन गोष्टी होतात. रस उकळला की त्याचा ताजेपणा जातो, नुसता आंबटपणा मागे राहतो. आणि नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, त्यांना नारळातली प्रथिनं धरून ठेवतात, ती प्रथिनं ८० डिग्रीच्या आसपास गोठायला लागतात, त्यात भर म्हणून आंबट पडलं की धरलेलं सुटतं आणि चोथा वेगळा पाणी वेगळं. कॅनवाल्या दुधात बऱ्याचदा ते सुटू नये म्हणून काहीतरी घातलेलं असतं म्हणून ते जास्त सहन करतं, घरी काढलेलं दूध लगेच रुसतं

आत्या: मी घरीच काढते नेहमी

वहिनी: मग आत्या तुमचं तर सगळ्यात भारी होईल. पहिलं घट्ट दूध बाजूला ठेवायचं आणि दुसरं पातळ काढलेलं आहे ना त्यात गलांगल गवती चहा चिकन सगळं शिजवायचं, घट्ट दूध अगदी शेवटी. वेगळा स्टॉक पण लागणार नाही

काकू: आणि ते कॉफीत वगैरे घालतात ते कार्टनमधलं नारळाचं दूध चालेल का? माझ्याकडे ते आहे

वहिनी: नाही काकू, ते पिण्याचं, त्यात पाणीच जास्त असतं. स्वयंपाकाचं जे असतं त्यावर फॅट साधारण १७ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं दिसेल. कोकोनट क्रीम असेल तर ते अजून दाट, त्यात पाणी वाढवून घ्यायचं. पावडर असेल तर पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जरा घट्टच कालवा

ताई: दहा मिनिटं झाली, वास काय सुटलाय!! शेजारच्या खोलीतून पोरं विचारत आलीत

ताई: चिकन टाकलं

ताई: अरे वर तेलाचे थेंब दिसतायत. फाटलं का???

वहिनी: फोटो टाक

वहिनी: अगं काही नाही झालेलं, एवढं तेल तर थाई लोकांच्या सूपवर पण दिसतं, ते त्याला दोष मानत नाहीत. आच कमी कर फक्त. पांढरे कण दिसायला लागले असते तर फाटलं म्हटलं असतं, आणि तेव्हासुद्धा ते खराब नसतं, फक्त दिसायला बरं नाही. मिक्सरमधे घालू नकोस पॅनिक होऊन

काका: हळद घातली असती चिमूटभर तर रंग आला असता

वहिनी: काका त्याचा रंग पांढराच असतो. हळद हवीच तर दक्षिण थायलंडमधे हळदीचं वेगळं चिकन सूप करतात, त्यात नारळाचं दूध नसतं, तुम्ही ते करा पुढच्या रविवारी

काकू: हे करणार म्हणे. लिहून ठेवा सगळ्यांनी

मी: वहिनी फिश सॉसचा वास मला फार उग्र वाटतो, वगळला तर?

वहिनी: बाटलीला नाक लावशील तर उग्रच आहे, मासे आणि मीठ महिनोन्महिने मुरवलेलं असतं ते. पण सूपमधे गेल्यावर माशाचा वास येत नाही, नुसतं खोल खारटपण येतं जे मिठाने येत नाही. वगळून बघ एकदा, सूप गोड गोड दुधासारखं लागतं. फक्त मोजून घाल, त्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १४०० मिलिग्रॅम सोडियम असतं म्हणून मीठ आधी कमीच ठेवायचं. आईंचं बीपी आहे ना, त्यांच्या वाटीत अर्धाच घाल आणि लिंबू वाढव, आंबटपणा वाढला की मीठ कमी असलेलं कळत नाही

आई: मला मध्ये आणू नका. मी सगळं खाते

ताई: आई तू अर्धाच खाणारेस सॉस

काकू: आणि माझ्यासारखीने काय करायचं, चिकन नाही फिश सॉस नाही

वहिनी: काकू तुमच्यासाठी मश्रूम दुप्पट घ्या, दोन तीन प्रकारचे मिळाले तर अजून चांगलं, आणि टोफू. टोफू शेवटच्या पाच मिनिटांत, ढवळाढवळ कमी. फिश सॉसच्या जागी लाइट सोया सॉस, डार्क नको, सूप मातकट दिसेल. स्टॉक भाज्यांचा. मश्रूममधे तो खोल स्वाद असतोच म्हणून फारसं काही अडत नाही, मला तर कधी कधी हेच जास्त आवडतं, चिकन ह्यात तसं पाहिलं तर बाजूलाच बसलेलं असतं

दादा: हे विधान मागे घे

वहिनी: नाही घेणार

ताई: गॅस बंद केला. आता सॉस लिंबू?

वहिनी: चिकनचा सगळ्यात जाड तुकडा फोडून बघितलास? आत गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर ७४ डिग्री

ताई: बघितला, पांढराशुभ्र

वहिनी: मग घाल. आधी सॉस, चाखून बघ, मग लिंबू थोडं थोडं. आणि आंबट कमी तिखट कमी असं प्रत्येकाचं वेगळं असेल ना घरात तर एक सोपं आहे, लिंबाचा रस आणि चेचलेली मिरची थेट ज्याच्या त्याच्या वाटीत तळाला घालायची आणि वरून गरम सूप ओतायचं, थाई लोक पण करतात असं. पोरांच्या वाटीत मिरची नाही म्हणजे झालं. म्हणजे पातेल्यात लिंबू अर्धंच घाल आता

ताई: ओह हे बेस्ट आहे. घातलं अर्धं

ताई: चाखलं. छान आहे पण काहीतरी... कमी? सपाट लागतंय जरा

वहिनी: खारट कमी, आंबट कमी का गोड कमी?

ताई: माहीत नाही म्हणूनच विचारतेय ना

वहिनी: एका चमच्यात सूप घे, त्यात दोन थेंब लिंबू, चाख. दुसऱ्या चमच्यात दोन थेंब फिश सॉस, चाख. जो चमचा आवडेल ते पातेल्यात वाढव. बहुतेक वेळा लिंबूच निघतं, नारळ आंबटपणा गिळतो

ताई: लिंबूच!! अजून अर्धं पिळलं, एकदम उघडलं सूप

आत्या: आणि त्या गलांगलच्या चकत्या काढून टाकायच्या का खायच्या?

वहिनी: खायच्या नाहीत आत्या, लाकडासारख्या लागतात. थायलंडमधे तशाच वाढतात आणि जो तो बाजूला काढतो, पण पोरं आणि पाहुणे असतील तर झाऱ्याने काढूनच वाढा, कोणीतरी बटाटा समजून चावतंच

काका: हे मागच्या वेळी माझ्याबद्दल होतं

मी: भाताबरोबर खायचं का नुसतं प्यायचं?

वहिनी: तिकडे मधोमध ठेवतात आणि सगळे भातावर घेऊन खातात, आधी सूप मग जेवण असं नसतं. चमच्याने. आमच्याकडे मी नुसतं देते मोठ्या बोलमधे पण भूक असेल तर भात लाव, हे ४०० ग्रॅमचं चार जणांना नुसतं कमी पडेल

ताई: भात लावलाय मगाशीच. आठ वीस झालेत, दहा मिनिटं हातात आहेत!!! कोथिंबीर वरून का आत

वहिनी: वरून, वाढताना

आई: मला चव आवडली. अजून तिखट चाललं असतं

ताई: बघा आता, बीपीवाल्या बाई

आत्या: उरलं तर उद्या चालेल का गं

वहिनी: चालेल, दोन तासांच्या आत फ्रीजमधे टाकायचं आणि तीन दिवसांत संपवायचं. वर नारळाचं तूप बसल्यासारखं दिसेल, घाबरायचं नाही, मंद आचेवर गरम केलं की मिसळतं. गलांगल गवती चहा काढूनच ठेवा, रात्रभर राहिलं तर कडवटपणा उतरतो. लिंबू परत थोडं पिळायचं. फ्रीजर मात्र नको, दूध रवाळ होतं

दादा: आमच्याकडे कधी होणारे हे?

वहिनी: चिरायला कोण बसणार त्यावर आहे

दादा: टाइप करतोय...

दादा: बसतो

ताई: स्क्रीनशॉट काढलाय मी, वहिनी. उरलेलं गलांगल पाठवू का तुझ्याकडे?

वहिनी: पाठव. आणि चकत्या करूनच पाठव, तुझ्या भावावर माझा अजून विश्वास नाही