मदत हवी आहे: खाती उघडणारा प्रशासक आणि अधिकार देणारा प्रशासक वेगळे कसे ठेवावेत?

नमस्कार.

आमच्या सहा लिनक्स सर्व्हरांचा कारभार पाच प्रशासक पाहतात आणि अगदी अलीकडेपर्यंत रूटचा (सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) एकच पासवर्ड पाचही जणांकडे होता. गेल्या महिन्यात ऑडिटचे (कोणी काय केले याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचे) काही नियम कोणीतरी बंद केल्याचे लक्षात आले. नोंद उघडून पाहिली, तर लॉगिन करणाऱ्याच्या जागी फक्त ० हा रूटचा क्रमांक होता, कारण ती व्यक्ती थेट रूट म्हणूनच आत आली होती. आधी स्वतःच्या खात्यातून येऊन मग रूट झाली असती, तर मूळ खात्याचा क्रमांक त्या नोंदीत टिकला असता. मला कोणावरही संशय घ्यायचा नाही, पण त्या नोंदीवरून कोणालाही संशयातून मोकळेही करता येत नाही, आणि हे मला फार लागले.

म्हणून रूटचे थेट लॉगिन बंद करून सुडोच्या (ठरावीक व्यक्तीला ठरावीक कमांड रूटच्या अधिकारात चालवू देणाऱ्या साधनाच्या) आधारे बॅकअप, खाती आणि सुरक्षा अशा तीन भूमिका आखल्या. प्रत्येक भूमिकेला एक ग्रुप आणि त्या ग्रुपला मोजक्या कमांड, अशी रचना आहे. बॅकअपच्या भूमिकेत पहिली चूक लगेच सापडली: सेटिंगची एक फाइल बदलता यावी म्हणून व्हीआय हा मजकूर-संपादक चालवण्याची मुभा दिली होती आणि व्हीआयमधून उद्गारचिन्ह देऊन शेल (कमांड देण्याची जागा) उघडताच रूटचा प्रॉम्प्ट समोर आला, म्हणजे रूटचे सगळे अधिकार मिळाले. तिथे आता सुडोएडिट वापरतो. त्यात संपादक वापरकर्त्याच्याच अधिकारात चालतो.

खरी अडचण खात्यांच्या भूमिकेची आहे. युजरअ‍ॅड, युजरमॉड (अनुक्रमे खाते उघडण्याची आणि खात्यात बदल करण्याची कमांड) आणि पासवर्ड बदलणे या तीनच कमांड दिल्या, तरी ती व्यक्ती युजरमॉडने स्वतःला सुरक्षेच्या ग्रुपमध्ये घालू शकते, सुरक्षा प्रशासकाचा पासवर्ड बदलून त्याच्या नावाने आत येऊ शकते, एवढेच नव्हे तर युजरअ‍ॅडला ० हा क्रमांक पुन्हा वापरण्याचा पर्याय देऊन दुसरे रूट खातेच उघडू शकते. चाचणी सर्व्हरवर मी तिन्ही गोष्टी करून पाहिल्या आणि तिन्ही झाल्या. ट्रस्टेड सोलारिस या कडक सुरक्षेच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खाते उघडणे सिस्टिम प्रशासकाकडे आणि त्याचा पासवर्ड ठरवणे सुरक्षा प्रशासकाकडे असे; भूमिकाधारित नियंत्रणाच्या २००४ च्या अमेरिकी मानकातही परस्परविरोधी भूमिका एका व्यक्तीला न देण्याची तरतूद आहे. साध्या लिनक्सवर हे विश्वासार्हपणे कसे साधावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

तुम्ही दुखणे बरोबर ओळखले आहे. मूळ कमांड सुडोमधून देऊच नका. सुडोच्या नियमांत तारांकन (*, म्हणजे ‘काहीही चालेल’) वापरून पर्याय गाळण्याचा प्रयत्नही करू नका, कारण तिथले तारांकन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा गिळते, म्हणजे नको असलेले जादा पर्यायही त्यातून निसटतात. रूटच्या मालकीची, इतरांना बदलता न येणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहा. तिने फक्त लॉगिन नाव आणि पूर्ण नाव घ्यावे, दोन्ही तपासून मगच कमांडला द्यावे, खाते-क्रमांक स्वतः निवडावा आणि १००० च्या खालच्या (म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या) किंवा प्रशासकाच्या खात्याला हात लावण्यास नकार द्यावा. दुसरे म्हणजे, सुडोचे नियम ग्रुपऐवजी व्यक्तीच्या लॉगिन नावाने लिहा, म्हणजे ग्रुपमध्ये शिरून काहीच हाती लागणार नाही. सुडोचे नियम बदलू शकणारी व्यक्ती, म्हणजे इथे सुरक्षा प्रशासक, प्रत्यक्षात रूटच असते, हे मात्र मान्य करूनच चाला. म्हणून ऑडिटच्या नोंदी त्याच क्षणी वेगळ्या मशीनवर पाठवा आणि त्या मशीनचा ताबा सुरक्षा प्रशासकाकडे देऊ नका. याहून कडक विभागणी हवी असेल, तर एसईलिनक्सच्या (लिनक्समधील जादा सुरक्षा-यंत्रणेच्या) बहुस्तरीय धोरणात सुरक्षा आणि ऑडिट यांच्या वेगळ्या भूमिका आहेत, पण त्या नीट बसवायला बराच वेळ द्यावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. स्क्रिप्ट लिहून पाहिली. स्वतःला ग्रुपमध्ये घालणे, सुरक्षा प्रशासकाचा पासवर्ड बदलणे आणि ० क्रमांकाचे खाते उघडणे हे तिन्ही प्रयत्न आता अडतात, आणि नकाराची नोंद प्रयत्न करणाऱ्याच्या नावासह दुसऱ्या मशीनवर पोहोचते. एक शंका उरली आहे. सुरक्षा प्रशासक रजेवर असताना एखादा सर्व्हर सुरूच झाला नाही, तर कन्सोलवरून (सर्व्हरला थेट जोडलेल्या कीबोर्ड-पडद्यावरून) रूटचा पासवर्ड लागेलच. तो दोन भागांत करून दोन जणांकडे पाकिटबंद ठेवावा आणि वापरल्यावर लगेच बदलावा, असा माझा विचार आहे. प्रत्यक्षात ही पद्धत कोणी चालवली असल्यास ती कुठे अडते, ते कृपया सांगावे.