व्हिडिओ अडकतो तेव्हा दोष नेटचाच असतो का? खान्देशातले अनुभव लिहा

धागा काढणारी, जळगाव

गेल्या वर्षभरात आमच्या घरचा इंटरनेटचा प्लॅन दोनदा वाढवला. ४० एमबीपीएसचा १००, मग १००चा १५०. बाबांचं संध्याकाळचं कीर्तन तरी अडकायचंच. बुवांचा हात वर जायचा आणि चित्रात तो वरच राहायचा, आवाज मात्र पुढे निघून जायचा.

एक दिवस यूट्यूबवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक केलं. यादीत 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' दिसलं. ते उघडलं की एक छोटी काळी चौकट येते. 'कनेक्शन स्पीड' म्हणजे नेट किती वेगानं येतंय. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन पडलाय. 'ड्रॉप्ड फ्रेम्स' म्हणजे संगणकाला वेळेत दाखवता न आल्यामुळे गाळलेली चित्रं. आमच्याकडे बफर ४० सेकंदांच्या वर होता. म्हणजे नेट हवं त्याहून जास्त येत होतं. गाळलेल्या चित्रांचा आकडा मात्र डोळ्यांदेखत वाढत होता.

त्याच चौकटीत कोडेकपुढे, म्हणजे व्हिडिओ कोणत्या प्रकारात बांधलाय त्यापुढे, 'व्हीपी०९' होतं. आमचा संगणक २०१३चा. या प्रकारात बांधलेला व्हिडिओ उलगडायची सोय त्याच्या चिपमध्ये नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. टास्क मॅनेजर उघडून बघितला तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर. मग दर्जा १०८०वरून ७२०वर आणला, आणि व्हिडिओ जुन्या एच.२६४ प्रकारातच मागवणारं एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, क्रोममध्ये टाकलं. कीर्तन त्या दिवसापासून सलग चालतंय. प्लॅन परत ४०वर आणलाय. यूट्यूबच्याच शिफारशीनुसार ७२०ला २.५ एमबीपीएस पुरतात, १०८०ला ५, आणि ४केला २०. म्हणजे वाढवायची गरज पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

पडद्यावर चक्र फिरायला लागलं की घरात सगळे एकच म्हणतात, 'नेट गेलं.' माझं मत आता पक्कं झालंय की पैसे किंवा वस्तू बदलण्याआधी दोष कुठे बसलाय ते बघावं: तारेत, राउटरमध्ये, ब्राउझरमध्ये की संगणकाच्या डब्यात. खेड्यावर मेकॅनिक बोलावला तर त्याचा अर्धा दिवस येण्याजाण्यातच जातो. म्हणून तुमचे अनुभव हवेत. पडद्यावर काय दिसत होतं, काय काय करून बघितलं आणि शेवटी सापडलं कुठे, एवढं लिहा. फसलेले प्रयत्नही लिहा, तेही कामाचे असतात.

अमळनेर, निवृत्त शिक्षक

माझ्याकडे व्हिडिओ तर सोडाच, पानच उघडेना. 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असा इशारा यायचा. मला वाटलं व्हायरस शिरला. अँटीव्हायरसनं दोन तास तपासलं, काही निघालं नाही. नातू शेजारी बसला होता. तो म्हणाला, "आबा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून २०१२ चालू आहे." कोपऱ्यातल्या घड्याळात खरोखर १ जानेवारी २०१२ होतं.

प्रत्येक वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. संगणकाची तारीखच चुकली की ब्राउझरला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त केली, सगळं चालू झालं. दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि पुन्हा २०१२.

मूळ दोष मदरबोर्डवरच्या बटन सेलचा. सीआर २०३२ नावाचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. एक गोष्ट मला दुकानदारानं सांगितली ती इथे मुद्दाम लिहितो. आपण रात्री बोर्डाचं बटन बंद करतो ना, तेव्हा संगणकाचं घड्याळ त्या सेलवरच चालतं. बटन चालू असेल तर ते वीज बोर्डावरून घेतं आणि सेल जास्त टिकतो. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नाही आणि मला बटन बंद करायची सवय, त्यामुळे सेल लवकर संपला असणार. सवय मी बदललेली नाही, पावसाळ्यात विजा पडतात. सेल मात्र जास्तीचा आणून ठेवलाय.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर

आमचं क्वार्टर जुन्या बांधणीचं, भिंती दीड हात जाड. राउटर ओसरीत, संगणक आतल्या खोलीत. मिस्टर गाडीवर असले की रात्री मुलांना काहीतरी लावून द्यायचं आणि ते दर दोन मिनिटांनी थांबायचं. लॅपटॉप उचलून ओसरीत नेला की तोच व्हिडिओ सरळ चालायचा. दोष कळायला मला एवढं पुरलं.

राउटर दोन नावं दाखवत होता, त्यातल्या एकाच्या शेवटी '५जी' होतं. जास्त वेगाचं म्हणून आम्ही तेच जोडलं होतं. या '५जी'चा मोबाइलच्या फाइव्हजीशी संबंध नाही, ती ५ गिगाहर्ट्झची लहर. जवळ असेल तर वेगवान, पण जाड भिंत तिला झेपत नाही. २.४ गिगाहर्ट्झवाली भिंत ओलांडून येते, पण क्वार्टरच्या ओळीत प्रत्येक घराचा राउटर त्याच लहरीवर बोलतो, म्हणून संध्याकाळी तीही मंदावते. शेवटी २० मीटरची लॅन केबल आणून चौकटीच्या कडेनं खिळवली. त्यानंतर एकदाही थांबलेलं नाही. संगणक जागचा हलत नसेल तर वायफायच्या नादी लागूच नये, असं मला वाटतं.

रावेर तालुका, केळी उत्पादक

आमच्या गावात फायबरची तार खांबावरून खांबावर लोंबते. कटाईच्या दिवसांत घडांनी भरलेला उंच ट्रक गल्लीतून गेला की तार ओढली जाते. राउटरवर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लागला की समजायचं, प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी संगणकाला हात लावण्यात अर्थ नाही, तार जोडणाऱ्यालाच बोलवावं लागतं.

आमच्याकडे तार जोडून दिल्यावरही कुरकुर राहिली. क्रिकेटचं थेट प्रक्षेपण मधेच तुटायचं, मिनिटभरानं परत यायचं. दिवा कधी हिरवा, कधी लाल. दोन आठवड्यांनी मला दिसलं की खिडकीपाशी उरलेली तार खिळ्याभोवती आवळून गुंडाळली आहे. फायबरमध्ये काचेचा केसाएवढा धागा असतो. तो फार वाकवला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. खिळा काढला, तारेचं ताटाएवढं मोठं वेटोळं करून सैल लटकवलं. त्यानंतर लाल दिवा नाही.

एक काळजी सगळ्यांनी घ्या. तुटलेल्या तारेच्या टोकात डोळा लावून 'उजेड येतो का' बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आमच्या पोरांना मी हे दोनदा सांगितलंय.

पुणे, माहेर चोपडा

आई एकटी असते. तिच्या मालिकांसाठी एक पैसे भरायची सेवा घेऊन दिली आहे. फोन आला, "आवाज ई राहिना, पन काहीच दिखत नही." म्हणजे आवाज येतोय, पण काहीच दिसत नाही. यूट्यूब मात्र दिसत होतं. हा फरक फार बोलका निघाला, पण तो मला उशिरा कळला.

मी इथून स्क्रीन बघायच्या अ‍ॅपनं तिचा संगणक उघडला. मालिका लावली, काळं. कॅशे पुसला, काळं. ब्राउझर काढून नवा टाकला, तरी काळं. दीड तास गेला, मी रडकुंडीला आले. तेवढ्यात आई म्हणाली, "माले ते दिखी राहिनं व माय, तुले काबर दिखत नही?" म्हणजे तिला तर दिसत होतं, मलाच दिसत नव्हतं.

कारण असं की हे व्हिडिओ कुलूपबंद असतात. पडद्याची नक्कल करणारं काही चालू असेल, मग ते रेकॉर्डिंग असो की दुरून बघायचं अ‍ॅप, तर तिथे अनेकदा चित्राच्या जागी काळा चौकोन येतो. म्हणजे मी जे दुरुस्त करत बसले होते ते तिच्याकडे कधीचंच दुरुस्त झालं होतं. अशा वेळी दुरून बघण्यापेक्षा आईला विचारावं, नाहीतर तिला फोनच्या कॅमेऱ्यानं पडदा दाखवायला सांगावं.

पण महिन्याभरात तिच्याकडेही परत काळं झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा उलगडलं. भावानं मोठं दिसावं म्हणून जुना मॉनिटर आणून लॅपटॉपला जोडला होता, एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं कन्व्हर्टर लावून. व्हीजीएच्या जुन्या तारेतून ते कुलूप पुढे जाऊ शकत नाही, म्हणून काही सेवा त्या मॉनिटरवर चित्रच देत नाहीत. मॉनिटर काढला, लॅपटॉपवर मालिका आली. आता एचडीएमआयची जागा असलेला मॉनिटर घेणार आहोत. आईला मोठं दिसणं गरजेचं आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

धुळे, संगणक दुरुस्ती करतो

मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या डब्यांपैकी कितीतरींची तक्रार एकच. व्हिडिओ दहा मिनिटं नीट चालतो, मग खडखडत चालतो. नेटचा दोष असा घड्याळ लावून येत नाही. दहा मिनिटं हा डबा तापायला लागणारा वेळ. बाहेर ४४-४५, खोलीत कूलर समोरच्या माणसावर आणि डबा टेबलाच्या कप्प्यात भिंतीला चिकटवलेला. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपर्यंत तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग चित्रं गळायला लागतात.

उघडून बघितलं की पंख्यावर धुळीचा थर. जिनिंगच्या बाजूला राहणाऱ्यांच्या डब्यात तर कापसाची अक्षरशः गादी निघते. मऊ ब्रशनं साफ करावं, पंखा बोटानं धरून ठेवावा, फुंकर मारू नये कारण तोंडातला ओलावा आत जातो. चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती बदलावी लागते. कूलरची हवा थेट डब्यावर सोडू नका, ती दमट असते. डबा कप्प्याबाहेर काढून वीतभर मोकळी जागा दिली तरी पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरं, विंडोज ७ वापरणारे आपल्याकडे अजून बरेच आहेत. त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३च्या सुरुवातीची. पुढची चढतच नाही. साधे व्हिडिओ चालतात, पण पैसे भरायच्या सेवा जुना ब्राउझर नाकारू लागल्यात. तिथे कॅशे पुसून उपयोग नाही. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगतो, त्याचे दोन हेलपाटे वाचतात.

शहादा, नीटची तयारी करते

लेक्चर लावलं की नुसता पांढरा चौकोन यायचा. इन्कॉग्निटो विंडोत तेच लेक्चर चालायचं. तिथे एक्स्टेंशन सहसा बंद असतात आणि जुन्या कुकी नसतात, म्हणजे दोष या दोन्हींपैकी एकात. एक्स्टेंशन सगळी बंद केली आणि एकेक करून चालू केली. व्हिडिओ उतरवून देणारं एक निघालं, ते काढून टाकलं. एकदम दोन गोष्टी बदलू नका, मग नेमकं कशानं बरं झालं ते कळत नाही.

अजून एक. 'ऑडिओ रेंडरर एरर, संगणक पुन्हा सुरू करा' असं आलं तर आधी हेडफोनची पिन काढून परत घाला. माझं दर वेळी तेवढ्यानंच सुटलंय.

पाचोरा

रोज रात्री नऊला अडकायचं. विंडोजचं अपडेट मागे उतरत होतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे नेट मोजून वापरायचं आहे असं विंडोजला सांगणं) चालू केलं, थांबलं. अपडेट आता रविवारी सकाळी हातानं करतो.

धडगाव, शिक्षिका

तुमच्या १५० एमबीपीएसच्या गोष्टी वाचल्या. आमच्याकडे सातपुड्यात घरी तार आलेली नाही, फोनचा हॉटस्पॉट हाच आधार. घरातल्या एका खिडकीत रेंज येते, तिथेच फोन ठेवायचा आणि लॅपटॉप खाली.

इथे दर्जा 'ऑटो'वर ठेवला की व्हिडिओ वर चढायला बघतो, अडकतो, खाली येतो, पुन्हा चढायला बघतो. मी स्वतः ३६० निवडून ठेवते. अक्षरं थोडी फिकट दिसतात, पण धडा सलग ऐकता येतो. ४८०ला साधारण १.१ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला ५०० एमबीच्या आसपास. दिवसाच्या डेटातला केवढा भाग जातो ते बघा. मुलांना दाखवायचे धडे मी आदल्या रात्री फोनवर दीक्षा अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवते. वर्गात चक्र फिरायला लागलं की तीस मुलांचं लक्ष उडतं आणि ते परत आणायला खूप वेळ जातो.

एरंडोल

ताई, आजच अडलोय. आवाज व्यवस्थित, पण चित्र सगळं हिरवं. सगळ्याच साइटवर. इन्कॉग्निटोतही हिरवंच. लॅन केबल आहे, दिवे हिरवे, तारीख बरोबर. वडिलांसाठी कीर्तन लावलं होतं, अर्ध्यावर राहिलं.

धागा काढणारी, जळगाव

दादा, एवढं तपासून लिहिलंत हे फार चांगलं केलंत, नेट आणि एक्स्टेंशन दोन्ही त्यातच बाद झाले. आवाज नीट आणि चित्र हिरवं म्हणजे ग्राफिक्सकडे बघायचं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम'मध्ये जा, 'ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन' बंद करा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा. हिरवं गेलं तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ग्राफिक्सची चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असण्याची शक्यता मोठी. मग संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर नवा टाका आणि ते बटन परत चालू करा. कायमचं बंद ठेवलं तर सगळा भार प्रोसेसरवर जातो, धुळ्याच्या दादांनी लिहिलंय तसा डबा तापेल.

एरंडोल

गेलं हिरवं. ड्रायव्हर उद्या सकाळी टाकतो, आत्ता वडील समोर बसलेत. जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे लावलंय.