फोर-बाय-फोरची बॅटरी बदलताना तुम्हाला काय अनुभव आले?

गेल्या आठवड्यात माझ्या डिझेल फोर-बाय-फोरची बॅटरी बदलली. गाडी महिनाभर सांगत होती, माझंच लक्ष नव्हतं. सकाळचा पहिला सेल्फ जड जायचा, तेवढ्यात आतला दिवा मंद व्हायचा. मग एका चढावर लो रेंजसाठी (जास्त जोर देणाऱ्या हळू गिअरसाठी) नॉब फिरवला, तर डॅशबोर्डवरचा तिचा दिवा नुसता लुकलुकत राहिला, लो रेंज पडेना. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) गेली असं धरून मी चालत्या कामांवर पाणी सोडलं आणि गाडी मेकॅनिककडे नेली. त्यांनी कशालाही हात लावण्याआधी मीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीत ११.९ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना आकडा ९ च्याही खाली. रेंज बदलणारी मोटर विजेवर चालते, तिला पुरेसा दाब मिळत नव्हता. बॅटरी बदलली आणि लो रेंज पहिल्या झटक्यात पडली.

तुमच्या बॅटरीनं आधी काय खुणा दिल्या? बदलताना कुठे अडलं? आकडे असतील तर आकड्यांसकट लिहा.

*

माझ्या दोन बॅटऱ्या दीड वर्षात गेल्या. दुसरी गेली तेव्हा मीटरवर १०.५ दिसत होते. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. म्हणजे एक अख्खा सेल मेलेला. कंपनीचा माल खराब, असंच मी म्हणत होतो. तिसरी बसवताना सहज जुनी हातानं हलवून पाहिली, तर ती ट्रेमध्ये चांगली बोटभर सरकली! वरची पट्टी आवळलेली दिसत होती, पण तिचा हूक झिजून अर्धा झाला होता. दगडधोंड्यांच्या वाटेवर बॅटरी अशी आदळत राहिली की प्लेटांवरचा लेप झडतो, तळाशी साचतो आणि प्लेटा आतल्या आत शॉर्ट होतात. नवा हूक आणि खाली रबराची चटई टाकली. तीच तिसरी बॅटरी आज चार वर्षं चालते आहे. घाटरस्त्यांपलीकडे गाडी नेणाऱ्या प्रत्येकानं बॉनेट उघडून आधी ही पट्टी हलवून बघा, अशी कळकळीची विनंती.

*

मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं, तरी घाईत प्लसचा नट सोडवायला घेतला. दहाचा पाना फिरवताना त्याचं दुसरं टोक शेजारच्या पत्र्याला टेकलं. फट्‌कन आवाज, निळा लोळ, आणि पाना क्षणभर तिथेच चिकटला. सुदैवानं हात सुटला. गाडीचा सगळा सांगाडा मायनसला जोडलेला असतो, त्यामुळे प्लसवरचा पाना पत्र्याला लागला की सरळ शॉर्ट. मायनस आधी काढला असता तर पाना कुठेही टेकला तरी काही झालं नसतं. त्या पान्याच्या कडेला आजही तांदळाएवढा खड्डा आहे. मुलाला काम शिकवताना मी आधी तो पाना त्याच्या हातात देते.

*

वरच्या ताईंच्या अनुभवाला जोडून एक. नवीन बॅटरी घेताना आम्ही अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता) पाहिले, उंची पाहिली, प्लस कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं नाही. घरी येऊन बसवायला गेलो तर केबल चार बोटं कमी पडत होती. ओढूनताणून लावू नका, बदलून आणा.

*

माझ्या बाबतीत बॅटरीचा दोषच नव्हता, आणि हे कळायच्या आधी मी नवी घेऊन बसलो होतो. चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घेईना. शेवटी मायनसच्या वाटेत मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास थांबलो, कारण आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. नंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा होता, आला ४००. म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर. ७० ची बॅटरी चार दिवसांत अर्ध्याहून खाली! एकेक फ्यूज काढत गेलो. मागे फ्रिजसाठी जोडलेल्या लाइनचा रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) चिकटून राहिला होता. बाहेरून काही बसवलं असेल, विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटर) असो की जादा दिवे, तर आधी तिथे बघा.

*

असंच माझं, फक्त दोषी होती अर्थिंगची पट्टी. उभ्या गाडीत १२.६, सेल्फ मात्र कण्हत फिरायचा. ओढ्यांमधून बऱ्याचदा गाडी घातली होती, इंजिन ते चॅसिसची पट्टी बोल्टखाली हिरवी पडली होती. घासून पत्रा उजळ केला, वर पेट्रोलियम जेली लावली. जुनीच बॅटरी पुढे दोन वर्षं चालली.

*

ज्यांच्या डिझेलमध्ये दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत त्यांनी एकच बदलू नका. मी बदलली. जुनी नवीला सतत खाली ओढत राहिली आणि वर्षाच्या आत दोन्ही काढाव्या लागल्या.

*

बदलल्यावर घाबरू नका: एबीएसचा दिवा लागला होता, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून थोडं चालवल्यावर गेला. काचा एका बटणात वर जाईनात, त्या मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे पुन्हा सेट केल्या. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर मूळची बॅटरी एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली) असल्यास एजीएमच घ्या. काही गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरला कळवावीही लागते.

*

आईला घेऊन निघाले होते, आडवाटेला थांबलो आणि परत आल्यावर सेल्फ नुसता टकटक. ऑटोमॅटिक गाडी, धक्का मारून उपयोग नाही. तासाभरानं एक पिकअप आली, जम्पर केबल माझ्याकडे होत्या, पण डिक्कीत. आणि डिक्कीचं कुलूप विजेवरचं. आईनं टॉर्च धरली, मी मागची सीट पाडून सामानावरून सरपटत गेले आणि केबल ओढून काढल्या. लाल दोन्हीकडे प्लसला, काळी त्यांच्या मायनसला, तिचं शेवटचं टोक आमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथे नको. पाच मिनिटं त्यांची गाडी चालू ठेवली आणि आमची लागली. दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलली. केबल आता ड्रायव्हरच्या सीटखाली असतात.