गायरानावरचं अतिक्रमण: अर्ज तहसीलला की ग्रामपंचायतीला?

प्रश्न: गावच्या गायरानात तारेचं कुंपण आणि पत्र्याचं शेड उभं राहिलंय. ग्रामसेवक तहसीलकडे बोट दाखवतात, तहसील ग्रामपंचायतीकडे. कुंपणवाल्याकडे घरपट्टीच्या पावत्या आहेत. अर्ज कुठे करायचा? पावत्यांवरून हक्क लागतो का?

प्रतिसाद १: आधी त्या गटाचा सातबारा काढा. भोगवटादार 'सरकार' आणि शेरा 'गुरचरण' असेल तर अर्ज तहसीलदारांना, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ५० खाली. गायरान चराईसाठी राखून ठेवलेलं असतं, ग्रामपंचायत ते सांभाळते, मालकी सरकारचीच. गावठाणातला रस्ता किंवा मोकळी जागा असती तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ लागलं असतं. तिथेही पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

बहुतेक प्रकरणं मोजणीवर अडकतात. तलाठ्याच्या पंचनाम्यात 'अंदाजे २० गुंठे' एवढंच असलं की समोरचा म्हणतो, शेड माझ्याच गटात आहे. मग हद्द ठरेपर्यंत सगळं ठप्प. म्हणून अर्जातच भूमि अभिलेख (सरकारी जमीन मोजणी) कार्यालयाकडून गटाची हद्द कायम करून अतिक्रमणाचं क्षेत्र नकाशावर दाखवायची मागणी करा. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, तिचीही नक्कल घ्या. नोंद नसेल तर ती घ्यायला लावा. दुसरी अडचण नोटिशीची: ती रीतसर बजावली नाही, काढून घ्यायला वाजवी मुदत दिली नाही, तर आदेश अपिलात टिकत नाही. बजावणीची पोच फाइलला लागली का, हे स्वतः जाऊन पाहा.

प्रतिसाद २: घरपट्टीच्या पावतीने मालकी येत नाही. नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे, हक्काचं नव्हे. जुन्या वहिवाटीचा दावा सरकारविरुद्ध करायचा तर खासगी जमिनीसारखी १२ नाही, ३० वर्षं लागतात, आणि तीही सरकारची मालकी नाकारून केलेल्या उघड कब्जाची. कुंपणवाल्याने पूर्वी 'अतिक्रमण नियमित करा' असा अर्ज दिला असेल तर नक्कल जरूर मिळवा. त्या अर्जात त्याने सरकारची मालकी मान्य केलेली असते.

अर्जात जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २८ जानेवारी २०११, हा गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यावरून निघालेला १२ जुलै २०११ चा शासन निर्णय नमूद करा. भूमिहीनांना दिलेले पट्टे, शाळा, दवाखाना अशा मोजक्या गोष्टींनाच त्या निकालात सवलत आहे.

प्रतिसाद ३: कुंपणवाला स्वतः ग्रामपंचायत सदस्य असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा करा. तोच मोजणी नकाशा तिथेही लागेल, दोन प्रती काढा.